मराठी प्रमोशनल मेल : अक्षर आणि रंग कसं निवडायचं, चप्पल लाईनच्या एका मेलवरनं इस्कटून सांगतो

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीतल्या, एका मामांच्या दुकानाचा दसऱ्याचा मेल करायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मामांनी फाईल आधीच तयार ठेवली होती, फ्लेक्सची. तीच जेपीजी करून मेलमध्ये चिकटव आणि सगळ्या गिऱ्हाईकांना पाठव, काम झालं, असं त्यांचं म्हणणं. मी काही न बोलता ती फाईल त्यांच्याच फोनवर मेल केली. मामांनी मेल उघडला, फोन लांब धरला, मग चष्मा लावून जवळ आणला आणि म्हणाले, "आरं, सवलत किती लिवलीया तेच दिसंना की."

आता हिशोब बघा. ती फाईल १८०० पिक्सेल रुंद होती आणि फोनचा स्क्रीन डिझाईनच्या मापात ३६० पिक्सेल, म्हणजे सगळं पाचपट बारीक झालं. फाईलमध्ये ६० पिक्सेलचं दणदणीत वाटणारं अक्षर फोनवर आलं १२ पिक्सेलचं, आणि खालचा पत्ता ३० चा होता तो ६ वर, तो तर मुंगीच्या पायासारखा.

मी सहा वर्षं फ्लेक्सचं डिझाईन केलंय, त्यामुळं मला ती सवय मोडायला किती वेळ लागला ते माहीत आहे. बिंदू चौकातला फ्लेक्स माणूस गाडीवरनं जाता जाता तीस-चाळीस फुटांवरनं बघतो, मान वर करून, दोन-तीन सेकंद. मेल माणूस हातात धरून वाचतो, वीतभर अंतरावरनं, बसमध्ये नाहीतर जेवण झाल्यावर गादीवर पडून. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे फ्लेक्स तुम्ही छापला की तो तसाच राहतो, मेल मात्र समोरच्याच्या फोनवर जाऊन पुन्हा नव्यानं मांडला जातो, त्याच्या फोनमधल्या फॉन्टनं, त्याच्या डार्क मोडमध्ये, त्यानं सेट केलेल्या अक्षराच्या साईझनं. म्हणून मेलचं डिझाईन करताना "मला कसं दिसतंय" हा प्रश्नच चुकीचा आहे, "त्याच्या हातात गेल्यावर काय शिल्लक राहील" हा विचार करायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्याच एका विचारावर आहेत.

आधी मजकूर, तोही युनिकोडमध्ये

डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी साध्या नोटपॅडमध्ये मेलचा मजकूर टाईप करा. मथळा एक ओळ, त्याखाली दोन-तीन वाक्यं, बटणावरचे शब्द, आणि खाली दुकानाचा पत्ता. मामांच्या फ्लेक्सवर अकरा गोष्टी होत्या, देवीचा फोटो, मामांचा फोटो, चिरंजीवांचा फोटो, चार प्रकारच्या चपला, सवलत, शाखा, सगळंच. मी विचारलं, गिऱ्हाईकानं मेल वाचून नेमकं काय करावं असं वाटतंय? म्हणाले, कापशी चपलेची (कोल्हापुरीचाच एक प्रकार) ऑर्डर द्यावी, दसऱ्याच्या आधी. झालं, मग मेल कापशी चपलेचा. बाकीचं पुढच्या मेलला.

मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, म्हणजे कुठल्याही फोनला मराठी म्हणूनच ओळखू येणारी अक्षरं. आपल्याकडं अजून लई ठिकाणी प्रेसमध्ये श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये मॅटर पडलेलं असतंय. छापायला ते चालतंय, पण तिथलं मॅटर कॉपी करून मेलमध्ये टाकलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसती, कारण त्या फॉन्टमध्ये आतून अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त वरनं देवनागरीचा मुखवटा. माझ्या हातनं एकदा असा मेल गेलाय. गुळाच्या एका व्यापाऱ्याचं मॅटर प्रेसवाल्याकडनं आलं, माझ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता म्हणून मला नीट दिसलं, आणि गिऱ्हाईकांना सगळा कचरा दिसला. त्या दिवसापासनं मॅटर कुणाचंही असो, आधी स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप करून बघतो. तिथं नीट दिसलं तरच पुढं.

फॉन्ट : तुमचा नाही, त्याचा

हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण इथंच सगळे अडकतात.

मराठीत आता एकापेक्षा एक सुंदर फॉन्ट फुकट मिळतात, ‘मुक्त’ नावाचा आहे, ‘बालू’ नावाचा आहे, आणि साहजिकच वाटतंय की मेलमध्ये तेच वापरावेत. पण मेलमध्ये बाहेरनं फॉन्ट लोड करणं सगळीकडं चालत नाही. ॲपलच्या मेल ॲपमध्ये चालतंय, जीमेलमध्ये चालत नाही, विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्येही नाही, कारण ते २००७ पासनं मेल दाखवायला वर्डचंच इंजिन वापरतंय. आपल्याकडं बहुतेक गिऱ्हाईक अँड्रॉइडवर जीमेल वापरणारं, म्हणजे तुम्ही कितीही हौसेनं फॉन्ट निवडा, त्याला त्याच्या फोनमधलाच दिसणार.

मग करायचं काय, तर फॉन्टची यादी द्यायची, क्रमानं, त्यातला जो पहिला त्याच्याकडं असंल तो दिसतो. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोन आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी, विंडोज ८ पासनं पुढं निर्मला यूआय, आणि त्याच्या आधीच्या विंडोजवर मंगल, जो र. कृ. जोशींनी घडवला. ही चार नावं ह्याच क्रमानं लिहा आणि शेवटी सान्स सेरिफ, म्हणजे ह्यातलं काहीच नसलं तर त्याच्याकडचा कुठलाही साधा फॉन्ट. बरेच जण रेडीमेड टेम्प्लेट घेतात आणि त्यात पहिलं नाव एरियल असतंय. एरियलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळं मराठी मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये पडतो आणि इंग्रजी आकडे, फोन नंबर एरियलमध्ये, मग एकाच ओळीत "फक्त" बारीक आणि किंमतीचा आकडा ढब्बू, असं विचित्र दिसतंय. यादीतलं पहिलं नाव देवनागरी फॉन्टचं असलं की हा त्रास बराच कमी होतो.

अजून एक बारीक गोष्ट, पण मला ती महत्त्वाची वाटते. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, पाकळीचा ल आणि देठाचा श, राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं दिलीत. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, मजकूर मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये, म्हणजे मेलच्या आतल्या कोडमध्ये, सांगितलं तर मराठी वळण येतंय. त्यासाठी भाषेच्या टॅगमध्ये मराठीचा कोड टाका, आणि तो बाहेरच्या बॉडी टॅगवर न टाकता आतल्या टेबलावर, म्हणजे कोडमधल्या ज्या खणांच्या चौकटीत मेल मांडतात तिच्यावर, टाका, कारण वेबमेलमध्ये बाहेरचे टॅग बऱ्याचदा काढून टाकले जातात. प्रत्येक फोनवर जमेल असं नाही, पण जिथं जमेल तिथं "कोल्हापूर" आपलं कोल्हापूर दिसतंय.

फॉन्ट तपासायला मी एक ओळ ठरवून ठेवलीय : "दसऱ्याच्या ऑर्डरवर कोल्हापुरी चपलांना ॲडव्हान्स नाही, हृदयापासनं ₹". ह्यात ऱ्या आहे, ल्ह आहे, हृ आहे, ॲ आहे, रुपयाचं चिन्ह आहे. जिथं फॉन्ट कच्चा असंल तिथं ह्यातलंच काहीतरी तुटतंय, ऱ्या चा र्या होतो नाहीतर ॲ च्या जागी चौकोन येतो. ॲ कुठं चौकोन दिसला तर सरळ शब्द बदला, "आगाऊ रक्कम" लिहा, बिघडत काहीच नाही.

साईझ आणि ओळींमधलं अंतर

इंग्रजी मेलचे नियम सांगतात मजकूर १४ नाहीतर १६ पिक्सेल ठेवा. मराठीला ते पुरत नाही. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार, एवढं सगळं त्याच उंचीत बसवायचं असतंय, त्यामुळं मूळ अक्षर त्याच साईझला बारीक दिसतंय. मी मजकूर १८ ठेवतो, मथळा २६ ते २८, बटण १८ ठळक, आणि तळाचा पत्ता वगैरे १४, त्याच्या खाली कधीच जात नाही.

ओळींमधलं अंतर साईझच्या १.६ ते १.७ पट, म्हणजे १८ च्या मजकुराला साधारण ३० पिक्सेल. मथळा दोन ओळींचा झाला तर १.४ पट. टेम्प्लेटमध्ये हे अंतर बऱ्याचदा १.२ असतंय आणि मग वरच्या ओळीतला "पु" चा उकार खालच्या ओळीतल्या "की" च्या वेलांटीवर जाऊन बसतो. मामांच्या मेलमध्ये "कोल्हापुरी" च्या बरोबर खाली "टिकाऊ" आलं होतं, दोन्ही एकमेकांत गुंतलेले, अंतर वाढवलं आणि एकदम श्वास घेतल्यासारखं झालं.

अक्षरांमधलं अंतर मात्र शून्य. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतात, मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, शब्द म्हणजे दात पडल्यासारखा दिसतो. मजकूर डावीकडनं सुरू करा. दोन्ही कडा सरळ करायचा मोह नको, फोनच्या अरुंद रुंदीत शब्दांमध्ये खिंडारं पडतात. मधोमध फक्त मथळा आणि बटण.

आपल्याकडं कॅपिटल अक्षरं नाहीत, तिरक्या अक्षराची परंपरा नाही, त्यामुळं महत्त्वाचं काय ते तीनच गोष्टींनी दाखवता येतंय, साईझ, ठळकपणा आणि रंग. म्हणून ह्या तिन्ही जपून वापरायच्या. ठळक अक्षर बारीक साईझला नको, क्ष, ख, ष्ट्य असल्या अक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजून काळा ठिपका होतो. एका परिच्छेदात एकच शब्द ठळक, जास्तीत जास्त दोन.

रंग : आधी वाचता येतंय का ते बघा, मग शोभा

कोल्हापूरला रंगाची हौस आहे. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या बाबुराव पेंटरांच्या गावात पोस्टर फिक्कं करा म्हणून कुणाला सांगणार. पण रंग किती भडक आहे ह्यापेक्षा अक्षर आणि मागची पाटी ह्यांच्यात उजेडाचा फरक किती आहे त्यावर वाचणं अवलंबून असतंय. ह्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो मोजता येतो. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ पट आणि मोठ्या अक्षराला, म्हणजे २४ पिक्सेलच्या वर नाहीतर साधारण १९ च्या वर ठळक, किमान ३ पट असं धरलंय. मोजायची साधनं नेटवर फुकट आहेत, दोन रंग टाकायचे, आकडा येतो.

मामांच्या फ्लेक्सवर पिवळ्यावर लाल होतं, आपल्याकडचं सगळ्यात लाडकं जोडपं. शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल मोजलं तर ३.७ येतंय. म्हणजे मोठ्या मथळ्याला पास, मजकुराला नापास, आणि फ्लेक्सवर ते उठून का दिसायचं ह्याचं उत्तर पण ह्यातच आहे, तिथं सगळं अक्षरच मोठं असतंय. पांढऱ्यावर हळदीसारखा पिवळा तर २ च्या पण खाली, तो अक्षराला कधीच वापरू नका. फिक्का करडा, जो सगळ्या टेम्प्लेटमध्ये तळाला असतो, आरजीबी (लाल, हिरवा, निळा ह्यांचं प्रमाण, प्रत्येकी ० ते २५५) १५३, १५३, १५३, तो पांढऱ्यावर २.८ च्या आसपास. शुद्ध लाल पाटीवर पांढरं अक्षर बरोबर ४, म्हणजे थोडक्यात हुकतंय, लाल जरा गडद केला की जमतंय.

मग मामांसाठी काय केलं ते सांगतो. दुकानातली एक कापशी चप्पल उचलली, दारात उन्हात नेली, फोटो काढला आणि चामड्याचा रंग त्यातनंच घेतला, गडद तपकिरी, आरजीबी १३९, ६९, १९ च्या जवळ. तो बटणाला, त्यावर पांढरं अक्षर ७.१ येतंय. मागची पाटी एकदम पांढरी न ठेवता दुधावरच्या सायीसारखी, २५५, २४८, २३६, आणि मजकूर कोळशासारखा, ४३, ४३, ४३, हे जोडपं १३ च्या वर जातंय. आणि शेवटचा एकच रंग, चपलेच्या गोंड्याचा लाल, तो फक्त सवलतीच्या आकड्याला. बास. पाटी, मजकूर, बटण, आणि एक ठिणगी. मामा पहिल्यांदा म्हणाले लई साधं वाटतंय, पण चपलेचा फोटो लावल्यावर गप्प झाले, कारण आजूबाजूला कुणी ओरडत नव्हतं म्हणून चप्पलच दिसायला लागली.

सणाप्रमाणं रंग बदलायला हरकत नाही, उलट बदलावाच. जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत गुलालाचा गुलाबी बघितला की इथल्या माणसाच्या डोळ्यासमोर डोंगर उभा राहतो, काही लिहावं लागत नाही. २१५, ०, ११० असा गुलाबी घेतला तर त्यावर पांढरं अक्षर ५.१ ला पास होतंय, जरा जरी फिक्का घेतलात तर लगेच घसरतंय. संक्रांतीला काळी पाटी चालते, एरवी साडीच्या दुकानाचा मेल काळा केला तर घरातली मोठी माणसं नाक मुरडतील, पण त्या आठवड्यात काळ्या चंद्रकळेचा फोटो काळ्यावरच शोभतो. नवरात्रात मात्र रोज वेगळ्या रंगाचा मेल पाठवायच्या नादात दुकानाची ओळख पुसू देऊ नका, वरची एक पट्टी त्या दिवसाच्या रंगाची करा, बटण आणि मजकूर कायम तोच.

लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष बरेच असतात आणि खुद्द त्यांनाच बऱ्याचदा माहीत नसतंय. मेलमध्ये चपलेची मापं देताना हिरवं म्हणजे शिल्लक आणि लाल म्हणजे संपलं असं दाखवलं तर त्यांना सगळी सारखीच दिसतील. मापाच्या शेजारी "संपलं" असा शब्दच लिहा, रंग असू दे नसू दे.

बटण

बटण चित्राचं नको. टेबलाच्या खणाला रंग द्या आणि आत खरं अक्षर ठेवा, म्हणजे फोटो लोड झाले नाहीत तरी बटण दिसतंय. उंची किमान ४४ ते ४८ पिक्सेल, अंगठ्यानं दाबता आलं पाहिजे. कडा गोल केल्या तर विंडोजच्या जुन्या आउटलुकमध्ये त्या चौकोनीच दिसतील, दिसू द्या. बटणाचा रंग मेलमध्ये दुसरीकडं कुठंच वापरू नका, तपकिरी बटण असंल तर तपकिरी मथळा नको, नाहीतर लोक मथळ्यावर बोटं मारत बसतात. आणि शब्द कामाचे पाहिजेत. "इथे क्लिक करा" मध्ये काय कळतंय? आम्ही लिहिलं "पायाचं माप निवडा". मामांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ते पहिलं वाक्य हेच बोलतात.

फोटो आणि मेलचं वजन

मेलची रुंदी ६०० पिक्सेल, फोटो १२०० रुंद करून ६०० त बसवा म्हणजे चांगल्या स्क्रीनवर फाटत नाही. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर मराठीत द्या, "कापशी चप्पल, लाल गोंडा, समोरून", कारण बऱ्याच ठिकाणी फोटो आपोआप उघडत नाहीत आणि तेव्हा हीच ओळ दिसती. सुलेखनातला मथळा पाहिजेच असंल तर तेवढी एक ओळ चित्र म्हणून टाका, पण सवलत, तारीख, पत्ता कायम खऱ्या अक्षरात.

मराठी मेलवाल्यांनी हे पण ध्यानात ठेवा. जीमेल मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या पुढं गेला की मेल तिथंच कापतंय. इंग्रजीचं एक अक्षर एक बाईट घेतंय, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, आणि मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे "की" चेच सहा बाईट झाले. काही टूल तर मराठी अक्षरं आकड्यांच्या कोडमध्ये बदलतात, मग एका चिन्हाला सात. लांबलचक मेल असंल तर तळाचा भाग कापला जातो आणि त्यात नेमकी अनसबस्क्राईबची लिंक असती.

ती लिंक लपवू नका. फिक्क्या करड्यात ९ पिक्सेलमध्ये लिंक ठेवायची खोड खूप जणांना आहे. ज्याला बाहेर पडायचंय त्याला लिंक सापडली नाही की तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि जीमेल, याहूनी फेब्रुवारी २०२४ पासनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांवर नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. १४ पिक्सेल, गडद करडा, "मेल नको असल्यास इथून बंद करा", सरळ लिहा.

डार्क मोड

रात्री बरीच माणसं फोन काळा करून वाचतात. काही ॲप मेलचे रंग हात न लावता ठेवतात, काही थोडे बदलतात, काही अख्खा मेल उलटा करतात. ह्यावर आपला पूर्ण ताबा नसतोय, पण तीन गोष्टी करा. लोगो जर पारदर्शक पाटीवर काळ्या अक्षरांचा असंल तर तो काळ्यावर काळा होऊन गायब होतो, त्याला बारीक पांढरी कड द्या नाहीतर भरीव पाटीवर ठेवा. पाटी आणि मजकुराचे रंग शुद्ध पांढरा, शुद्ध काळा न घेता जरा अलीकडचे घ्या. आणि प्रत्येक खणाला पाटीचा रंग आणि अक्षराचा रंग दोन्ही द्या, एकच दिला तर दुसरा ॲप ठरवतंय आणि मग गडद पाटीवर गडद अक्षर असली गंमत होते.

पाठवायच्या आधी

मी मेल चार ठिकाणी बघतो, एक जुना अँड्रॉइड, एक आयफोन, विंडोजवर जीमेल, आणि कुणाच्या तरी ऑफिसातलं आउटलुक. फोनवर एकदा साध्या आणि एकदा डार्क मोडमध्ये. स्क्रीनशॉट काढून त्यातले रंग काढून टाकायचे, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात बटण आणि सवलत अजून उठून दिसती का बघायचं. मग ब्राईटनेस अर्ध्यावर ठेवून भर दुपारी बाहेर उभं राहून वाचायचं, मी महाद्वार रोडला जाऊन वाचतो, तिथलं ऊन आणि गर्दी दोन्ही खरं सांगतात. शेवटी फोनमधली अक्षराची साईझ सगळ्यात मोठी करून घरातल्या कुणा वडीलधाऱ्याच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. "काय वाटलं" विचारायचं नाही, "कशाबद्दल आहे" एवढंच विचारायचं.

पाठवल्यावर किती जणांनी उघडला ह्या आकड्यावर फार जाऊ नका, ॲपलनं २०२१ मध्ये मेल प्रायव्हसी आणल्यापासनं त्यांच्या ॲपमध्ये माणसानं न उघडताही उघडल्यासारखं दिसतंय. बटण किती जणांनी दाबलं ते बघा. आणि पुढच्या मेलला एकच गोष्ट बदला, एकतर बटणाचा रंग नाहीतर मथळ्याची साईझ, दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

मामांचा मेल गेला त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात बसलो होतो. त्यांनी स्वतःच्या फोनवर मेल उघडला, ह्यावेळी चष्मा खिशातच होता, आणि मोठ्यानं वाचला पार पत्त्यापर्यंत. मग फोन शेजारच्या दुकानदारापुढं धरला आणि म्हणाले, "हे वाच, गोंड्याचा रंग बघ, आपल्याच चपलेचा हाय."